मार्सेलचा धक्का

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मधे दोन महिने आम्ही दोघं लेकीकडे फ्रान्सला होतो, ल्याँ शहरात. परत आल्यापासून नाशिकची बहीण, पुण्याचे मेहुणे आणि इथले नेहमीचे वाचक, सगळ्यांचं एकच टुमणं: "काय पाहिलंत ते लिहा की!" पॅरिस पाहिलं, पण पॅरिसवर माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते मार्सेलबद्दल. तिथे आम्ही चारच दिवस होतो, पण ते चार दिवस अजून डोक्यातून जात नाहीत. शिवाय मला एक कबुलीही द्यायची आहे. ती ओघात येईलच.

आधी नावाचं सांगतो. आमच्या पाठ्यपुस्तकांत कधी 'मार्सेलिस' असायचं, कधी 'मार्सेल्स'. लेक म्हणाली, "बाबा, इथे तसं म्हणालात तर कुणाला कळणार नाही. मार्सेय म्हणा." मी दोन दिवस 'मार्सेय' म्हणून पाहिलं, जमेना. शेवटी 'मार्सेल'वर तडजोड झाली. तेच इथे चालवतो.

आता कबुली. मी इतिहास घेऊन बी.ए. झालो आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या हायस्कुलात तीसहून जास्त वर्षं इतिहास आणि मराठी शिकवलं. सावरकरांची मार्सेलची उडी हा माझा हातखंडा विषय. तास कितीही कंटाळवाणा जात असो, उडी आली की वर्ग कान टवकारायचा. मग माझ्या अंगात यायचं. खवळलेला समुद्र, डोंगराएवढ्या लाटा, मागून गोळ्यांचा वर्षाव, आणि त्यातून मैलोन् मैल हात मारत निघालेला तरुण. एकदा तर मी रात्रही घातली होती आणि चांदणंही. मुलं श्वास रोखून ऐकायची आणि मला वाटायचं, इतिहास शिकवावा तर असा.

१९८४ च्या सुमाराची गोष्ट असेल. आठवीच्या वर्गात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातला. वडील बोटीवर खलाशी. तो म्हणाला, "सर, बोट बंदरात लागलेली होती ना? मग मैलोन् मैल कशाला पोहायला लागेल? माझे वडील मार्सेलिसला जाऊन आलेत. बोट धक्क्यालाच लागते म्हणतात."

वर्गात शांतता. मी काय म्हणावं? मी म्हणालो, "तू होतास का रे तिथे?" वर्ग हसला. "नाही ना? मग खाली बस." तो खाली बसला. त्या वर्षात त्याने माझ्या तासाला पुन्हा प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही.

तर हे ओझं घेऊन मी मार्सेलला गेलो होतो. लेकीला आणि जावयांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना वाटत होतं, बाबांना समुद्र बघायचाय.

ल्याँहून वेगवान गाडीने पावणेदोन तासांत मार्सेल येतं. स्टेशन टेकडीवर आहे. बाहेर आलं की भल्यामोठ्या दगडी पायऱ्या, आणि समोर शहर पसरलेलं. गुडघ्यांचा विचार करून आम्ही मेट्रोने जुन्या बंदरावर उतरलो. हे जुनं बंदर म्हणजे आपल्या एखाद्या खाडीच्या मुखासारखी आत घुसलेली लांबट जागा. तिच्या तोंडाशी दोन बाजूंना दोन किल्ले. चौदाव्या लुईने ते मजबूत करून घेतले, आणि गाईडबाई हसत म्हणाली की तोफा समुद्रावर रोखलेल्या होत्या तशा शहरावरही, कारण मार्सेलची माणसं राजाला फारशी मानत नसत.

सकाळी धक्क्यावर कोळणी मासे विकायला बसतात. सौ. ताबडतोब पुढे. भाषा येत नसताना तिने एका बाईशी पाच मिनिटं भाव केला, नुसत्या बोटांनी आणि भुवयांनी. मासे अर्थातच घेतले नाहीत. मला मिरकरवाड्याची जेटी आठवली, फक्त इथे वास कमी आणि कॅमेरे जास्त.

याच धक्क्यावर जमिनीत एक धातूची पाटी बसवलेली आहे. आशिया मायनरमधल्या फोकाया गावाचे ग्रीक दर्यावर्दी इ. स. पूर्व ६०० च्या सुमारास इथे उतरले आणि हे शहर वसलं, असा तिचा आशय. फोकाया आजच्या तुर्कस्तानात इझमीरजवळ येतं. शहराच्या जन्माची दंतकथा आपल्याला घरची वाटावी अशी आहे. स्थानिक राजाच्या मुलीचं, जिप्तिसचं, लग्न ठरवायचं होतं. मेजवानीत ज्याच्या हातात ती प्याला देईल तो नवरा. तिने तो दिला नुकत्याच उतरलेल्या परक्या ग्रीकाला, प्रोतिसला. म्हणजे स्वयंवरच की! राजाने जावयाला बंदराची जागा दिली आणि मसालिया उभं राहिलं. कथा खरी असो नसो, सव्वीसशे वर्षांचं हे शहर आपला जन्म सांगताना 'बाहेरून आलेल्याला पोरगी दिली' इथून सुरुवात करतं, याची मला गंमत वाटली. १९६७ मध्ये बाजारासाठी खणताना ग्रीक-रोमन काळातलं बंदर, धक्क्याचे दगड सापडले. आता भर शहरात दुकानांच्या मधोमध तिथे बाग आहे.

इतकं जुनं शहर, पण बंदराच्या उत्तर बाजूची घरं मात्र नवी दिसतात. कारण विचारलं तेव्हा जावई गप्प झाले, मग सांगितलं. १९४३ च्या जानेवारीत जर्मन सैन्याने आणि फ्रेंच पोलिसांनी मिळून हा मोहल्ला रिकामा केला. वीस हजारांहून जास्त माणसांना बाहेर काढलं, ज्यूंना वेचून छावण्यांत पाठवलं, आणि फेब्रुवारीत सुरुंग लावून सुमारे दीड हजार इमारती पाडल्या. नगरपालिकेची जुनी इमारत मात्र राखली. आम्ही जिथे कॉफी पीत होतो ती जागा म्हणजे तोच ढिगारा. कॉफी मग जरा कडूच लागली.

दुसऱ्या दिवशी लाँचने शातो दिफला गेलो. बंदरासमोरच्या छोट्या बेटावरचा किल्ला, पुढे तुरुंग झाला. अलेक्झांडर ड्यूमाच्या 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो'चा नायक इथेच डांबलेला असतो. कादंबरीतल्या कैद्याची कोठडीसुद्धा दाखवतात, भुयारासकट! पण मला तिथे आवडली ती वेगळीच गोष्ट. गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा याने पोर्तुगीजांना एक गेंडा भेट दिला. आल्बुकर्कने तो १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून लिस्बनला रवाना केला. मे महिन्यात तो पोचला. सगळ्या युरोपात गवगवा झाला. ड्यूररने न बघता, केवळ वर्णन आणि रेखाटन यांवरून त्याचं प्रसिद्ध चित्र काढलं. पोर्तुगालच्या राजाने मग तो पोपला पाठवायचं ठरवलं, आणि वाटेत १५१६ च्या सुरुवातीला जहाज या बेटाशी थांबलं. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा मुद्दाम गेंडा बघायला बेटावर आला. किल्ला त्यानंतर बांधला. पुढे इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं आणि साखळदंडात असल्यामुळे गेंडा बुडाला. सौ. म्हणाली, "अहो, बिचाऱ्याला पोहता येत होतं, साखळीनं मारलं." मी मनात म्हटलं, गोव्याहून निघून मार्सेलपर्यंत आलेला हा पहिला बंदिवान!

बेटाशेजारी फ्रिऊलची बेटं आहेत. पुढच्या काळात जहाजांना विलगीकरणासाठी तिथे थांबवत. त्यामागे मोठी जखम आहे. १७२० च्या मे महिन्यात लेव्हांटकडून 'ग्रां सँत-आंत्वान' नावाचं जहाज आलं. वाटेतच माणसं मेली होती. पण जहाजावर कापडाचा किमती माल होता, जत्रा तोंडावर आली होती, आणि मालाच्या धन्यांत शहराचा एक कारभारीही होता. नियम सैल झाले, माल आत आला, प्लेग आला. नव्वद हजारांच्या शहरातली जवळजवळ निम्मी माणसं गेली. २०२० चं वर्ष आपण सगळ्यांनी काढलंय, त्यामुळे हे जास्त समजावून सांगायला नको. धक्का ही मोठी अवघड जागा आहे. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला परत पाठवायचं हे तिथे ठरतं, आणि चुकलं तर त्याची किंमत पिढ्या मोजतात.

तिसऱ्या दिवशी मी लेकीला म्हटलं, "मला बोटी लागतात तिथे ने." जुनं बंदर मोठ्या आगबोटींना पुरेना म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून त्याच्या उत्तरेला ला जोलिएत आणि पुढच्या गोद्या बांधल्या गेल्या. १८६९ मध्ये सुएझचा कालवा झाला आणि मार्सेल हे मुंबईकरांसाठी युरोपचं दार झालं. लंडनला जाणारे पुष्कळसे लोक इथे उतरून आगगाडी धरायचे. जिब्राल्टरला वळसा घालून जाण्यापेक्षा दिवस वाचायचे. १९३१ च्या ११ सप्टेंबरला गोलमेज परिषदेसाठी निघालेले गांधीजी 'राजपुताना' बोटीतून इथेच उतरले.

गोदीत आत जाता येत नाही. कुंपण, पहारा. मग आम्ही शेजारच्या मॉलमध्ये गेलो. त्याला समुद्राच्या बाजूला लांबलचक गच्ची आहे. तिथून खाली सगळी गोदी दिसते. कोर्सिकाच्या आणि अल्जिरियाच्या बोटी लागलेल्या होत्या. गच्चीवर पोरं आइस्क्रीम खात होती. मी कठड्याला धरून उभा राहिलो आणि खाली पाहत राहिलो.

बोट धक्क्यालाच लागते. मधे एक हातभर पाणी असतं.

सावरकरांच्या विचारांबद्दल आपल्याकडे टोकाची मतं आहेत, तो या लेखाचा विषय नाही. मी फक्त ८ जुलै १९१० बद्दल बोलतो. १३ मार्चला लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनावर त्यांना अटक झाली. १ जुलैला 'मोरिया' बोटीतून त्यांना मुंबईकडे पाठवलं. पी अँड ओ कंपनीची, दोनच वर्षांपूर्वी बांधलेली, अकरा हजार टनांच्या आसपासची ही बोट. ७ तारखेला संध्याकाळी ती मार्सेलला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी शौचाला जायचं म्हणून ते गेले, बोटीच्या गोल खिडकीतून अंग बाहेर काढलं, पाण्यात पडले, पोहून धक्क्यावर चढले आणि पळत सुटले. बोटीवरून आरडाओरडा, पाठलाग. धक्क्यावरच्या फ्रेंच सागरी पोलिसाने त्यांना धरलं आणि बोटीवरच्या लोकांच्या मदतीने परत बोटीवर पोचवलं. सगळा मामला काही मिनिटांचा. दुसऱ्या दिवशी 'मोरिया' पुढे निघाली.

म्हणजे माझ्या लाटा, माझं चांदणं, माझे मैल, सगळं गेलं. खिडकीतून अंग खरवडत निघणारा एक सत्तावीस वर्षांचा माणूस आणि काही मिनिटांची धावपळ, एवढंच उरलं.

पण मला गच्चीवर उभं असताना जे वाटलं ते असं. मी तीस वर्षं पाण्यातलं अंतर मोजत होतो. मोजायला हवं होतं ते जमिनीवरचं पाऊल. त्या माणसाने बॅरिस्टरीचा अभ्यास केला होता. फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवला की आपण इंग्रजांच्या हद्दीबाहेर गेलो, आता न्यायचं तर रीतसर प्रत्यर्पण मागावं लागेल, हा हिशेब त्यात होता. पळून जाण्यासाठी मैलभर पाणी लागत नव्हतं, धक्क्याचा एक दगड पुरे होता. आणि तो दगड त्यांनी गाठला होता.

म्हणून तर पुढे इतका गहजब झाला. जाँ जोरेस यांच्या 'ल्युमानिते' पत्राने आवाज उठवला, कार्ल मार्क्सचा नातू जाँ लाँगे याने बाजू लावून धरली. फ्रान्सने इंग्लंडकडे कैदी परत मागितला. दोन साम्राज्यं हेगच्या लवादापुढे गेली. २४ फेब्रुवारी १९११ ला निवाडा आला. पकडून परत देण्यात अनियमितपणा झाला हे लवादाने मान्य केलं, पण मार्सेलला बोट येणार हे इंग्रज पोलिसांनी फ्रेंच पोलिसांना आधी पत्राने कळवलं होतं, फसवणूक किंवा जबरदस्ती झालेली नाही, म्हणून इंग्लंडने कैदी परत देण्याचं कारण नाही, असा निर्णय दिला. ज्या पोलिसाने धरलं त्याला आपण कुणाला धरतोय हे ठाऊक नसेलही, ही शक्यतासुद्धा निवाड्यात नोंदवली आहे. तोपर्यंत मुंबईत दोन खटल्यांत जन्मठेपेच्या दोन शिक्षा होऊन गेल्या होत्या. आंतरराष्ट्रीय कायदा शिकणारी मुलं जगभर आजही हा खटला वाचतात. त्यात लाटा नाहीत, गोळ्या नाहीत. तरी तो वाचतात.

मग मी वर्गात ते सगळं का घातलं? मुलांना आवडतं म्हणून. आणि खरं सांगायचं तर मलाही आवडायचं म्हणून. खरी गोष्ट पुरेशी मोठी आहे यावर माझाच विश्वास नव्हता. इतिहासाच्या शिक्षकाला याहून मोठा दोष कुठला?

तिथेच उभं असताना आणखी एक विचार आला. पी अँड ओच्या बोटींवर खलाशी कोण असत? डेकवर कोकण आणि गुजरातच्या बाजूचे, भट्टीवर बहुतेक मुसलमान, जेवणघरात गोव्याचे ख्रिस्ती. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कित्येक गावांची चूल या बोटींवर पेटली. 'मोरिया'वरही त्या सकाळी आमच्याकडचे सारंग, टिंडेल, लष्कर असण्याचा संभव फार मोठा. आरडाओरडा झाला तेव्हा कोकणी बोलीत कुणी काय म्हटलं असेल? त्यांना मार्सेलचा धक्का पायाखालचा. ती माणसं माझ्या धड्यात कधीच नव्हती. त्यातल्याच कुणाचा तरी वारस माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसला होता, आणि त्याला मी विचारलं होतं, तू होतास का रे तिथे?

चौथ्या दिवशी मझार्गला गेलो. मार्सेलच्या दक्षिणेचं हे उपनगर. तिथे राष्ट्रकुलाची युद्ध-दफनभूमी आहे आणि हिंदी सैनिकांचं स्मारक. २०२५ च्या फेब्रुवारीत आपले पंतप्रधान आणि फ्रान्सचे अध्यक्ष तिथे गेले होते, टीव्हीवर तुम्ही पाहिलं असेल. आम्ही गेलो तेव्हा एक माळी सोडून कुणी नव्हतं.

२६ सप्टेंबर १९१४ ला पहिली हिंदी पलटण, लाहोर डिव्हिजन, मार्सेलला उतरली. ऑक्टोबरात मीरत डिव्हिजन आली. लोकांनी फुलं उधळून स्वागत केलं. बोरेलीच्या मैदानावर, घोड्यांच्या शर्यतीच्या पटांगणावर तंबू पडले. अंगावर पातळ खाकी, पुढे फ्लँडर्सची थंडी. महिन्याभरात ते खंदकात होते. यांत आपल्या खडकीचेही लोक होते. २८ ऑक्टोबरला नव्ह-शापेलच्या हल्ल्यात खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या सत्तेचाळीसाव्या शिखांबरोबर संगिनी घेऊन घुसल्या आणि कापल्या गेल्या. वास्तविक सॅपर म्हणजे पूल बांधणारी, खणणारी माणसं. सगळ्या युद्धात मिळून सुमारे एक लाख चाळीस हजार हिंदी माणसं पश्चिम आघाडीवर आली, लढणारी आणि हमाल-मजूर धरून. मार्सेल हा त्यांचा उतरायचा तळ, जखमींचा तळ आणि परतीचाही तळ.

दफनभूमीत ओळीने सारखे पांढरे दगड. हुद्दे वाचत फिरलो. शिपाई, सवार. आणि त्यांच्याच बरोबरीने खेचरं हाकणारे, मजूर. लढाईत मेलेले थोडे, जखमांनी आणि आजाराने गेलेले पुष्कळ. निमोनिया, मग १९१८ चा इन्फ्लुएंझा. ज्यांचं दहन झालं त्यांना कबर नाही, त्यांचं नाव तेवढं स्मारकावर. सौ.ने पर्समधून रुमालात बांधून आणलेली थोडी हळद-कुंकू आणि तांदूळ काढले. मला ठाऊकही नव्हतं तिने आणल्याचं. स्मारकाच्या पायरीवर वाहिले. मग जरा थांबून चार दगड सोडून असलेल्या एका मुसलमान मजुराच्या कबरीवर बागेतलं पडलेलं फूल ठेवलं. म्हणाली, "यांच्याकडे कोण येणार?"

मला आमच्या गावच्या चावडीतला दगड आठवला. तुमच्यापैकी पुष्कळांच्या गावात असेल. संगमरवरी, इंग्रजी अक्षरांचा. आमच्याकडच्या दगडावर लिहिलंय त्याचा अर्थ असा: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला ३७ माणसं गेली, त्यांतल्या ४ जणांनी प्राण दिले. नावं नाहीत. नुसते आकडे. त्या दगडाशेजारी आम्ही लहानपणी गोट्या खेळलो. पुढे मास्तर झाल्यावर रोज त्याच्यावरून शाळेत गेलो. पहिल्या महायुद्धाची कारणं आणि परिणाम दरवर्षी फळ्यावर लिहून दिले, साराजेव्होचा खून, व्हर्सायचा तह, सगळं. पण एकदाही वर्गाला घेऊन त्या दगडापर्यंत गेलो नाही. शाळेपासून तो दोनशे पावलांवर आहे.

ती ३७ माणसं मार्सेलला उतरली होती असं मी म्हणणार नाही. पुन्हा तीच चूक नको. आमच्या भागातले मराठे बहुतेक मेसोपोटेमियाकडे गेले, बसरा, कुत-अल-अमारा या बाजूला. कोण कुठे गेलं हे दगडावर नाही, आणि सांगू शकणारी माणसं आम्ही विचारायच्या आत गेली. मी शाळेत लागलो तेव्हा, १९७४ मध्ये, त्यातला एक म्हातारा हयात होता. चावडीच्या ओट्यावर बसायचा. मी त्याला रोज रामराम करायचो. त्यापुढे काही विचारलं नाही. माझ्या दृष्टीने इतिहास पुस्तकात होता, ओट्यावर नव्हता.

परतताना बसमधून उत्तरेकडचा भाग लांबून दिसला. तिकडे सँत-आंद्रे, सँत-आंरी या वस्त्यांत कौलांचे मोठे कारखाने होते, आणि मार्सेलची कौलं बोटींतून जगभर जायची. आपण ज्यांना मंगलोरी कौलं म्हणतो ती याच घराण्यातली, एकमेकांत अडकणारी. १८६५ मध्ये मंगळूरला बासेल मिशनने कारखाना काढला तो याच धाटणीच्या कौलांचा. म्हणजे ज्या छपराखाली बसून मी मार्सेलबद्दल भलतंसलतं सांगत होतो, ते छप्पर मात्र मार्सेलशी नातं सांगत होतं!

असो. लेख लांबला, पण शेवटचं सांगतो आणि थांबतो.

परत आल्यावर माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारून त्या मुलाचा नंबर मिळवला. मुलगा कसला, आता त्याचाच मुलगा इंजिनियर आहे. बरीच वर्षं आखातात काढून हल्ली रत्नागिरीत असतो. मी फोन केला, नाव सांगितलं, आणि वर्गातला तो प्रसंग सांगून म्हटलं, "तुझं बरोबर होतं. मी चुकलो होतो. बोट धक्क्यालाच लागते. मी बघून आलो."

तो हसायला लागला. म्हणाला, "सर, मला हे काही आठवतच नाही हो."

मला काय बोलावं कळेना. एवढ्या वर्षांचं माझं ओझं त्याच्या खिजगणतीतही नव्हतं. मग तोच म्हणाला, "पण मार्सेलिस म्हटलं की मला साबण आठवतो. वडील तिथून साबणाच्या वड्या आणायचे. हिरव्या, चौकोनी. घर महिनाभर वासाने भरलेलं असायचं."

तो साबण मी पाहिला होता. ऑलिव्हच्या तेलाचा, ७२ टक्के तेल असल्याचा छाप मारलेला. १६८८ मध्ये चौदाव्या लुईच्या राजवटीत तो कसा करावा याचे नियम घालून दिले होते, हेही गाईडबाईने सांगितलं होतं. सौ.ने त्याच्या चार वड्या आणल्यात. त्यातली एक मी बाजूला काढून ठेवली आहे. पुढच्या रविवारी रत्नागिरीला जाणार आहे. जाताना चावडीवरून जाईन म्हणतो. आणि वडिलांबद्दल त्याला जे जे आठवतंय ते विचारून, या वेळी वहीत लिहून घेईन.